बैलजोडीच्या मोलाचा लोकप्रतिनिधी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की आपण वॉशिंग्टन, जेफर्सन, फ्रँकलिन अशी दोनचार नावे घेतो, १७७६ च्या जाहीरनाम्यातील समतेच्या तत्त्वाचा गौरव करतो आणि पुढे सरकतो. ते तत्त्व शब्दबद्ध करणारे बहुतेक लोक जमीनदार, व्यापारी अथवा वकील होते. त्यांचा मोठेपणा मला नाकारायचा नाही. परंतु सर्व माणसे समान आहेत हे वाक्य खरे मानून एखादा कफल्लक मजूर उद्या त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, तर त्यांनी त्याला कसे वागविले, हे पाहिल्याखेरीज त्या तत्त्वाची परीक्षा होत नाही. असा एक माणूस त्या काळात होऊन गेला. त्याचे नाव मॅथ्यू लायन. तो सैनिक होता, कारखानदार होता, पत्रकार होता, लोकप्रतिनिधी होता आणि सरकारवर टीका केली म्हणून तुरुंगात गेलेला अमेरिकन काँग्रेसचा पहिला सदस्यही तोच. आज त्याच्याविषयी बोलायचे मी ठरविले आहे.

लायनचा जन्म आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या परिसरात, १७४९ च्या सुमारास झाला. लहानपणी तो डब्लिनमध्ये छपाई आणि पुस्तकबांधणीचे काम शिकला. पंधरा वर्षांचा असताना तो अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढला. भाड्याचे पैसे जवळ नव्हते. अशा उतारूंसाठी त्या काळी एक पद्धत रूढ होती. जहाजाचा कप्तान अमेरिकेच्या बंदरात उतरल्यावर त्या उतारूच्या श्रमाची काही वर्षे एखाद्या धनिकाला विकून आपले भाडे वसूल करी. कराराची मुदत संपेपर्यंत तो माणूस मालकाचा बांधील नोकर असे, आणि मालकाला वाटल्यास तो करार दुसऱ्याला विकताही येई. लायनचा करार कनेक्टिकटमधील वुडबरी येथील एका व्यापाऱ्याने घेतला आणि पुढे एका बैलजोडीच्या मोबदल्यात दुसऱ्या मालकाला दिला. ही गोष्ट लायनने कधीही लपविली नाही. आपल्याला सोडविणाऱ्या बैलांची शपथ घेऊन बोलण्याची त्याला सवय होती असे सांगतात. त्याच्या शत्रूंनी या बैलांवरून त्याची आयुष्यभर टिंगल केली, आणि तो मात्र त्यांचा उल्लेख अभिमानाने करीत राहिला.

मुक्त झाल्यावर, १७७४ मध्ये, तो उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात गेला. हाच मुलूख पुढे व्हरमाँट म्हणून ओळखला जाऊ लागला. तेथील जमिनींवर न्यूयॉर्कचे बडे जमीनदार हक्क सांगत होते, तर प्रत्यक्ष जंगल तोडून शेती करणारे वसाहतवाले ते मानायला तयार नव्हते. या शेतकऱ्यांनी ईथन ॲलन आणि सेथ वॉर्नर यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्रीन माउंटन बॉइज’ नावाचे सशस्त्र दल उभारले होते. लायन त्यांच्यात सामील झाला. इंग्रजांविरुद्ध युद्ध पेटले तेव्हा हेच दल स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले.

लायनच्या सैनिकी जीवनातील एक प्रसंग पुढे फार गाजला, म्हणून तो येथेच सांगतो. १७७६ मध्ये तो लेफ्टनंट असताना त्याच्या तुकडीला सरहद्दीवरील जेरिको या एकाकी ठाण्यावर पाठविण्यात आले. काही धनिकांच्या जमिनी आणि पिके राखण्यासाठीच आपल्याला येथे आणून बसविले आहे, अशी सैनिकांची भावना झाली, आणि तुकडीने ठाणे सोडले. आपण त्यांना थांबविण्याचा प्रयत्न केला होता असे लायनचे म्हणणे होते. तथापि जनरल गेट्स याच्या हाताखालील लष्करी न्यायालयाने इतर अधिकाऱ्यांबरोबर त्यालाही बडतर्फ केले. भ्याडपणाची खूण म्हणून त्याला लाकडी तलवार बांधायला लावली होती, अशी कंडी विरोधकांनी नंतर पिकविली. वस्तुतः पुढच्याच वर्षी वॉर्नरच्या पलटणीत त्याची पगारवाटप अधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि साराटोगाच्या मोहिमेत त्याने भाग घेतला. नंतर तो व्हरमाँटच्या नागरी सेनेत कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला. डागाळलेल्या भित्र्या माणसाच्या वाट्याला हे येत नाही.

व्हरमाँटने १७७७ मध्ये स्वतःची घटना केली. प्रौढ माणसांच्या गुलामगिरीला मनाई करणारी आणि पुरुषांच्या मताधिकारासाठी मालमत्तेची अट न घालणारी ती घटना होती. स्त्रियांना तिच्यात स्थान नव्हते, ही तिची मर्यादा आहेच. पण मालमत्ता नसलेल्या पुरुषालाही मत देणाऱ्या या प्रदेशातच लायनसारख्याचे राजकारण रुजू शकले, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १७८३ मध्ये तो फेअर हेवन येथे स्थायिक झाला. तेथे त्याने लाकूड कापण्याची आणि धान्य दळण्याची गिरणी काढली, लोखंडाचा कारखाना काढला, झाडाच्या सालीपासून कागद बनविला, छापखाना घातला आणि १७९३ मध्ये वृत्तपत्रही सुरू केले. राज्याच्या विधिमंडळात तो वर्षानुवर्षे निवडून येत राहिला. राष्ट्रीय काँग्रेसच्या निवडणुकीत मात्र तीनदा हरला आणि अखेर १७९६ च्या निवडणुकीत जिंकला.

१७९७ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या प्रतिनिधिगृहात आला तेव्हा तेथे फेडरलिस्ट पक्षाचे वर्चस्व होते आणि जॉन ॲडम्स अध्यक्ष होता. अध्यक्षाच्या भाषणाला उत्तर देण्यासाठी सर्व सदस्यांनी मिरवणुकीने त्याच्या निवासस्थानी जावे, असा तेव्हा प्रघात होता. हा प्रकार राजदरबारी थाटाचा आहे, प्रजासत्ताकाला तो शोभत नाही, म्हणून मला त्यातून वगळावे, अशी मागणी लायनने सभागृहात केली. सदस्य हसले. एका उपऱ्या, अर्धशिक्षित आयरिश माणसाने शिष्टाचार शिकवावा, हे त्यांना सहन होण्याजोगे नव्हते. विल्यम कॉबेट हा त्या काळचा धारदार लेखणीचा पत्रकार फिलाडेल्फियात होता. त्याने लायनच्या आडनावावर कोटी करून, पिंजऱ्यात ठेवण्याचे जनावर म्हणून त्याची खिल्ली उडविली. हाच कॉबेट पुढे इंग्लंडमध्ये जनतेच्या बाजूने लिहू लागला आणि १८१० मध्ये, सैनिकांना दिलेल्या फटक्यांचा निषेध केल्याबद्दल, त्याच जातीच्या कायद्याखाली दोन वर्षे तुरुंगात गेला.

३० जानेवारी १७९८ रोजी सभागृहात एक अनिष्ट प्रसंग घडला. कनेक्टिकटचे प्रतिनिधी आपल्या मतदारांचे प्रतिनिधित्व करीत नाहीत, मी तेथे जाऊन काही महिने वृत्तपत्र चालविले तर लोक त्यांना घरी बसवतील, असे लायन मोठ्याने बोलत होता. त्यावर कनेक्टिकटचा रॉजर ग्रिझ्वोल्ड याने, येताना लाकडी तलवार बांधून येणार काय, असा टोमणा मारला. लायन त्याच्या तोंडावर थुंकला. लायनला सभागृहातून काढून टाकण्याचा ठराव आला. ५२ विरुद्ध ४४ असे मतदान झाले, परंतु आवश्यक दोनतृतीयांश बहुमत न मिळाल्याने ठराव बारगळला. तेव्हा १५ फेब्रुवारीस ग्रिझ्वोल्डने सभागृहातच लायनला काठीने बडविण्यास सुरुवात केली आणि लायनने शेगडीजवळचा लोखंडी चिमटा उचलून प्रतिकार केला. दोघांपैकी कोणालाही सभागृहाने काढले नाही.

लायनच्या थुंकण्याचे समर्थन मी करणार नाही. लोकप्रतिनिधीला ते अशोभनीयच आहे. पण एका गोष्टीकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. ग्रिझ्वोल्ड हा एका गव्हर्नरचा मुलगा आणि येल महाविद्यालयाचा पदवीधर होता. त्याच्या काठीला त्याच्या पक्षातील अनेकांनी सन्मानरक्षण मानले आणि लायनच्या थुंकण्याला त्याच्या कुळाचा पुरावा मानले. सभ्यतेचे नियम अभिजनवर्ग करतो आणि त्या नियमांचा भंग कोणी केला, हेही तोच ठरवितो. खालच्या थरातून आलेल्या माणसाचे म्हणणे खोडून काढण्यापेक्षा त्याची भाषा असभ्य आहे असे म्हणणे नेहमीच सोपे असते.

त्याच वर्षी फ्रान्सशी युद्धाचे वातावरण तापले, आणि त्याचा फायदा घेऊन सत्ताधारी पक्षाने चार कायदे केले. त्यांतील एकाने नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची मुदत ५ वर्षांवरून १४ वर्षांवर नेली. आयर्लंडमधून येणारे गरीब लोक विरोधी पक्षाला मते देतात, ही त्यामागील भीती होती. १४ जुलै १७९८ रोजी अध्यक्षाची सही झालेला राजद्रोहाचा कायदा हा त्यांतील सर्वांत घातक. सरकार, काँग्रेसची सभागृहे आणि अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे, बदनामीकारक अथवा द्वेषपूर्ण लिहिणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड, अशी तरतूद होती. गंमत अशी की, या संरक्षणाच्या यादीत उपाध्यक्षाचे नाव नव्हते, कारण उपाध्यक्षपदावर विरोधी पक्षाचा जेफर्सन होता. कायदा १८०१ च्या मार्चमध्ये, म्हणजे ॲडम्सची मुदत संपताना आपोआप संपणार होता. पुढे सत्ता गेलीच, तर तो आपल्यावर उलटू नये, याची ही तजवीज होती.

या कायद्याखाली पहिला खटला लायनवर भरण्यात आला. आरोप काय होते? ॲडम्सच्या राजवटीत लोककल्याण बाजूला पडले असून सत्तेची हाव, थाटमाट, खुशामत आणि लोभ यांचे राज्य माजले आहे, अशा आशयाचे त्याचे एक पत्र विंडसर गावच्या वृत्तपत्रात छापून आले होते. ते पत्र त्याने २० जूनला, म्हणजे कायदा होण्यापूर्वी लिहिले होते, पण छापले गेले कायद्यानंतर. दुसरा आरोप असा की, कवी जोएल बार्लो याचे अध्यक्षावर कठोर टीका करणारे एक पत्र त्याने प्रचारसभांत वाचून दाखविले आणि छापविण्यास मदत केली.

१७९८ च्या ऑक्टोबरात रटलंड येथे खटला चालला. न्यायाधीश होता सर्वोच्च न्यायालयाचा विल्यम पॅटर्सन, अमेरिकन घटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक. त्याचाही जन्म आयर्लंडमधलाच, पण तो लहानपणीच आला, प्रिन्स्टनला शिकला आणि प्रस्थापितांत मिसळून गेला. लायनने स्वतःच आपली बाजू मांडली. हा कायदा घटनाविरोधी आहे, माझा हेतू दुष्ट नव्हता आणि मी लिहिले ते खरे आहे, असे त्याचे तीन मुद्दे होते. आपण अध्यक्षाच्या घरी जेवला आहात, तेथील थाटमाट आपल्या डोळ्यांनी पाहिला नाही काय, असा प्रश्न त्याने थेट न्यायाधीशालाच विचारला. आपल्याला तेथे साधेपणाच दिसला, असे पॅटर्सनने उत्तर दिले. कायदा घटनाविरोधी आहे की नाही, याचा विचार ज्यूरीने करायचा नाही, असेही त्याने बजावले. सुमारे तासाभरात ज्यूरीने लायनला दोषी ठरविले. चार महिने कैद, एक हजार डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च ६० डॉलर ९६ सेंट, अशी शिक्षा झाली.

येथे एक कायदेशीर मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात सरकारवरील टीका खरी असली तरी ती गुन्हाच होती. या अमेरिकन कायद्याने मात्र लिहिलेले सत्य असल्याचे सिद्ध करण्याची मुभा आरोपीला दिली होती, आणि म्हणून तो उदार आहे असे त्याचे कर्ते सांगत. पण राज्यकर्ता सत्तेचा लोभी आहे, हे मत आहे. ते साक्षीपुराव्याने सिद्ध कसे करणार? लायनच्या खटल्याने दाखवून दिले की, मताला पुरावा मागणे म्हणजे टीका बंद करणेच होय. याच इंग्रजी मुळाची दुसरी फांदी १८७० मध्ये आपल्याकडे दंडसंहितेचे १२४ अ कलम म्हणून लावण्यात आली. त्या कलमाखाली १८९७ आणि १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना शिक्षा झाल्या, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. तेथे तर सत्याचा बचावही नव्हता.

रटलंडमध्ये तुरुंग असूनही लायनला चाळीसएक मैल दूर व्हर्जेन्सला नेण्यात आले. सुमारे सोळा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी ती कोठडी होती. चोर, दरोडेखोर जेथे ठेवीत तीच. एका कोपऱ्यात शौचाची दुर्गंधी, खिडकीला गज पण काच नाही, शेकोटी नाही, आणि व्हरमाँटचा हिवाळा तोंडावर आलेला. त्याचे जुने सोबती खवळले. तुरुंग फोडून त्याला सोडवायचा त्यांचा बेत होता. लायनने आतून निरोप पाठवून त्यांना रोखले. मतपेटीच्या मार्गानेच याचे उत्तर द्या, असा त्याचा आग्रह होता. हजारो लोकांच्या सह्यांचा दयेचा अर्ज ॲडम्सकडे गेला. पण लायनने स्वतः क्षमा मागितली नव्हती, आणि अध्यक्षाने अर्ज फेटाळला.

सप्टेंबरच्या निवडणुकीत कोणालाच निर्णायक बहुमत न मिळाल्याने डिसेंबरात फेरनिवडणूक व्हायची होती. उमेदवार तुरुंगात होता, आणि तेथूनच पत्रे लिहीत होता. मतमोजणी झाली तेव्हा त्याला प्रतिस्पर्ध्याच्या सुमारे दुप्पट मते पडली होती. न्यायालयाने ज्याला गुन्हेगार ठरविले, त्याला मतदारांनी प्रतिनिधी ठरविले. ९ फेब्रुवारी १७९९ रोजी त्याची सुटका झाली. दंडाची रक्कम जेफर्सन, मॅडिसन यांच्यासह अनेकांनी वर्गणी करून जमविली होती, आणि व्हरमाँटमधील साध्या शेतकऱ्यांनीही त्यात भर घातली होती. दारातच पुन्हा अटक होऊ नये म्हणून, आपण काँग्रेसच्या अधिवेशनाला निघालो आहोत, असे त्याने मोठ्याने जाहीर केले. वाटेत गावोगाव त्याचे स्वागत झाले. सभागृहात मात्र त्याला काढण्याचा ठराव पुन्हा आला. ४९ विरुद्ध ४५ मते पडली, आणि दोनतृतीयांश बहुमताअभावी तोही बारगळला.

लायनला निदान मतदार तरी होते. या कायद्याचा सर्वांत कठोर घाव बसला तो डेव्हिड ब्राउन नावाच्या भटक्या मजुरावर. तो स्वातंत्र्ययुद्धातला सैनिक. मॅसॅच्युसेट्समधील डेडहॅम गावी सरकारविरोधी मजकुराचा एक स्वातंत्र्यस्तंभ उभारण्यात त्याचा हात होता, म्हणून त्याला १८ महिन्यांची कैद झाली. मुदत भरली तरी दंड भरायला पैसे नव्हते, म्हणून तो आतच राहिला, आणि १८०१ मध्ये जेफर्सनने माफी दिली तेव्हा सुटला. बेनिंग्टनचा संपादक अँथनी हॅस्वेल यालाही दोन महिन्यांची शिक्षा झाली. लायनचा दंड भरण्यासाठी काढलेल्या सोडतीची जाहिरात छापणे हा त्याच्यावरील आरोपांचा एक भाग होता. हातात सत्ता, ज्ञान आणि संपत्ती असलेल्या थोर पुरुषांनी केलेल्या कायद्याला तोंड दिले ते अशा माणसांनी.

१८०० च्या निवडणुकीत फेडरलिस्ट पक्षाचा पराभव झाला. जेफर्सन आणि बर यांना सारखीच, म्हणजे ७३ मते पडल्याने निर्णय प्रतिनिधिगृहाकडे आला. तेथे प्रत्येक राज्याला एक मत होते. व्हरमाँटचे दोन सदस्य, लायन आणि फेडरलिस्ट लुईस मॉरिस, परस्परविरुद्ध असल्याने त्या राज्याचे मत ३५ फेऱ्यांत वाया गेले. १७ फेब्रुवारी १८०१ रोजी ३६ व्या फेरीत मॉरिस बाजूला राहिला आणि लायनने व्हरमाँटचे मत जेफर्सनला दिले. त्याच फेरीत मेरीलंडचेही मत फिरले, त्यामुळे एकट्या लायनने अध्यक्ष निवडला, ही दंतकथा खरी नाही. पण ज्या माणसाला बोलू न देण्यासाठी कायदा वापरला गेला, त्याचेच मत सत्तांतराच्या घडीला उपयोगी पडले, एवढे निश्चित.

पुढचे आयुष्य मात्र चढउताराचे होते. १८०१ मध्ये तो केंटकीत गेला, तेथून १८०३ ते १८११ काँग्रेसमध्ये राहिला, आपल्याच पक्षाच्या धोरणांवर टीका करू लागला आणि १८१० मध्ये हरला. १८१२ च्या युद्धासाठी नौका बांधताना त्याचे दिवाळे निघाले. म्हातारपणी, १८२० मध्ये, अध्यक्ष मन्रो याने त्याला आर्कान्सा प्रदेशात चेरोकी लोकांशी व्यापार करणाऱ्या सरकारी वखारीवर नेमले. तेथेच १ ऑगस्ट १८२२ रोजी तो वारला.

साथींनो, लायनला संत बनविण्याची गरज नाही. तो श्रमिकांचा पुढारी नव्हता, स्वतः मालक झालेला माणूस होता. ज्या व्हरमाँटने प्रौढांची गुलामगिरी निषिद्ध ठरविली तेथून तो केंटकीत गेला, आणि तेथे गुलामगिरी कायदेशीर होती. स्वतः बैलांच्या मोबदल्यात विकला गेलेला हा माणूस, जेथे माणसे जन्मभरासाठी विकली जात होती तेथे राहिला; पण त्या व्यवस्थेविरुद्ध लढा उभारणारा म्हणून इतिहास त्याला ओळखत नाही. त्याची वखार ज्या सीमेवर होती, ती सीमा मूळ रहिवाशांना मागे रेटतच पुढे सरकत होती. समतेचे तत्त्व त्याने आपल्यापुरते आणि आपल्यासारख्या गोऱ्या शेतकऱ्यांपुरते खरे करून दाखविले. त्यापलीकडचे काम पुढच्या पिढ्यांवर राहिले.

पण जे केले ते थोडे नव्हते. तो कायदा कोणत्याही न्यायालयाने रद्द केला नाही. १८०१ मध्ये तो मुदतीने संपला, आणि मतदारांनी त्याच्या कर्त्यांना सत्तेवरून खाली खेचले म्हणून पुन्हा उभा राहिला नाही. ४ जुलै १८४० रोजी काँग्रेसने लायनच्या वारसांना दंड आणि खर्च मिळून १,०६० डॉलर ९६ सेंट व्याजासह परत देण्याचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एका खटल्यात, इतिहासाच्या न्यायालयात हा कायदा हरला आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. तोपर्यंत १६० हून अधिक वर्षे लोटली होती, आणि मधल्या काळात तीच चूक त्याच देशाने पुन्हा केली होती. १९१८ मध्ये युद्धविरोधी भाषणासाठी समाजवादी नेता युजीन डेब्स याला दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये ती एकमताने कायम केली. १९२० मध्ये अटलांटाच्या तुरुंगातून डेब्सने अध्यक्षपदाची निवडणूक लढविली आणि त्याला नऊ लाखांहून अधिक मते मिळाली.

म्हणून कार्यकर्त्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी असे मला वाटते. मतस्वातंत्र्याचा कस विद्वानाच्या मोजूनमापून लिहिलेल्या लेखावर लागत नाही. तो लागतो रांगड्या, हेकट, प्रसंगी अतिशयोक्त बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर, कारण दडपशाहीचा पहिला हात नेहमी त्याच्यावरच पडतो आणि त्याची भाषा आवडत नाही म्हणून सभ्य लोक त्या वेळी गप्प बसतात. व्हरमाँटचे शेतकरी गप्प बसले नाहीत. त्यांनी तुरुंगाची भिंत फोडली नाही, सह्या गोळा केल्या, वर्गणी काढली, थंडीत चालत जाऊन मतदान केले. ही कामे तुम्हांआम्हांला अपरिचित नाहीत. ती कंटाळवाणी वाटतात तेव्हा व्हर्जेन्सच्या त्या काच नसलेल्या खिडकीची आठवण ठेवावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.